परतीचं कन्फर्म तिकीट आणि बर्फाचा उतार

दिवाळी आटोपली की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवर बर्फाची पोस्टरं पडायला लागतात. निळं आकाश, पांढरा उतार, हात पसरून उभं असलेलं कुणीतरी आणि खाली ठळक अक्षरांत ‘खात्रीशीर बर्फ’. हिमालयातले केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पास; उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सर पास. तारखा ठरलेल्या, बॅचा ठरलेल्या, नाशिकरोडहून पंजाब मेलने जाणं-येणं ठरलेलं. त्या दिवशी तो पांढरा उतार चढण्याजोगा नसला तर काय करायचं, ते कोण ठरवणार आणि त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हे मात्र पोस्टरवर कधीच नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इथून बर्फावर जाणाऱ्यांना बर्फाइतकंच त्यांचं वेळापत्रक गोत्यात आणतं. बर्फ आपल्या हातात नाही, वेळापत्रक आहे. परत फिरण्याचा खर्च नाशिक सोडण्याआधी ठरवून, लिहून, ट्रेकच्या किमतीत धरलेला असला पाहिजे. जो आयोजक हे करत नाही त्याच्याबरोबर हिवाळ्यात हिमालयात जाऊ नये, मग त्याच्या नावावर कितीही शिखरं असोत.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं येतं: आम्ही भर पावसात हरिहर केलाय, साल्हेर केलाय, रात्रीचं कळसूबाई तर डोळे मिटून. खरंय. पण सह्याद्रीत आपली भीती पायाखाली असते. हरिहरच्या कातळातल्या पायऱ्या चढताना नजर आपोआप दरीकडे जाते आणि हात खोबणी शोधतो. ही भीती कामाची आहे, तिनेच आजवर सांभाळलंय. बर्फात मात्र हीच नजर फसवते. ५०-५५ अंशांच्या पुढच्या उभ्या उतारावर बर्फ फारसा साठतच नाही, पडता पडता थोडा थोडा ओघळून जातो. २५ अंशांच्या खाली तो सहसा सुटत नाही. घातकी असतो तो मधला पट्टा, ३० ते ४५ अंशांचा. लादीसारखा एकसंध सुटणारा बर्फ बहुतेक वेळा याच उतारांवर सुटतो, आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपासचे उतार सगळ्यात बदनाम. गंमत म्हणजे हा उतार बघून हरिहरवाल्याच्या पोटात गोळा येत नाही. उलट घसरगुंडीला झकास जागा म्हणून तो सॅक उतरवून ठेवतो.

दुसरी फसगत सपाटीवरची. वाट सपाट आहे, दरी लांब आहे, म्हणजे आपण सुखरूप, असं वाटतं. पण वरच्या उतारावर सुटलेला बर्फ कुठवर येऊन थांबेल याच्याशी आपल्या पायाखालच्या सपाटीचा काही संबंध नाही. हे महाराष्ट्राला नवीन नसावं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीची माणसं डोंगर चढत नव्हती, घरात झोपली होती. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यालगत हिमस्खलनात सात जण गेले. ते गिर्यारोहक नव्हते, गाड्या थांबवून बर्फात खेळायला गेलेले पर्यटक होते. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर कंटेनरच्या खोल्यांत होते. वरून आलेल्या बर्फाने त्यांना कंटेनरसकट गाडलं, आठ जण दगावले. मजुराला राहायची जागा निवडायची सोय नसते. पैसे मोजून गेलेल्या ट्रेकरला असते, आणि तरी दुपारच्या जेवणाला आपण नेमके घळीच्या तोंडाशी बसतो, कारण तिथे वारा लागत नाही. सह्याद्रीतली नाळ पावसाळ्यात दगडांची वाट असते हे आपल्याला कळतं. तशीच हिमालयातली घळ ही बर्फाची वाट असते.

आता बर्फाच्या पोटातलं. वरून सगळा बर्फ सारखाच पांढरा दिसतो. आत काय आहे ते बघायला फावडं लागतं. ज्या उताराची शंका आहे त्याच्याच दिशेला तोंड असलेला, त्याच उंचीवरचा, पण लहान आणि सुरक्षित उतार निवडून खोल खड्डा खणायचा आणि वरच्या बाजूची भिंत फावड्याने सरळ तासायची. मग हातमोज्यातली मूठ त्या भिंतीत दाबत वरून खाली यायचं. ताजा बर्फ मुठीला सहज आत घेतो. त्याखाली वाऱ्याने दाबलेला थर असला तर मूठ अडते, चार बोटं अडतात, एक बोट कसंबसं जातं. कधी पेन्सिल लागते. उन्हाने वितळून पुन्हा गोठलेली खपली असली तर सुरीचं पातंच. असं खाली सरकताना मध्येच मूठ पुन्हा सुळकन आत गेली, की हात तिथेच थांबवायचा. कडक थराच्या खाली मऊ थर आहे. तिथले कण तळव्यावर घेऊन बघा: रवाळ, कोनाकोनाचे, एकमेकांना न धरणारे. त्यांचा गोळा वळत नाही, बोटांतून गळून जातात.

वरची अख्खी कडक लादी या गळणाऱ्या कणांवर बसलेली असते. माणसाच्या वजनाने तो मऊ थर एका जागी खचला की तो तडा थरातून लांबवर पळतो आणि लादी सुटते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, अर्धा मीटर जाड एवढी लहानशी लादी धरा. ४५० घनमीटर बर्फ झाला; दाबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला २५० किलो धरलं तरी ११० टनांच्या वर जातं. आणि बहुतेक वेळा ही लादी सोडणारा तिच्यावरच उभा असतो. हिमस्खलनात सापडलेल्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं हेच सांगतात की दहातल्या नऊ वेळा तो बर्फ सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सोडलेला असतो. दरड कोसळते तेव्हा आपण तिथे योगायोगाने असतो, इथे निमित्त आपण असतो. मला यात आशेची बाजूही दिसते: जे आपण सोडतो ते न सोडणंही आपल्याला जमू शकतं.

हे रवाळ कण का तयार होतात ते कळलं की ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हा आपल्याकडचा लाडका समज टिकत नाही. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरची हवा समजा उणे १५. बर्फ दोन मीटर जाड असला तर हा फरक सगळ्या जाडीत वाटला जातो. तोच अर्धा मीटर असला तर दर १० सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक पडतो. एक अंशाच्या वर गेला तरी पुरे. खालची वाफ वर सरकताना कणांचं रूप पालटते आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. म्हणून कोरड्या डिसेंबर-जानेवारीतला पातळ थर थंडीत आतून कुजत राहतो, आणि फेब्रुवारीत पडणाऱ्या जाड बर्फाला हाच कुजका पाया मिळतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नाही, अशा बातम्या आपण वाचल्या होत्या. फेब्रुवारीत तिथे भरभरून बर्फ पडला आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या उतारांवर हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. या क्रमाकडे लक्ष द्यावं.

वाऱ्याचं थोडक्यात: आभाळ निरभ्र असतानाही वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला साठवत असतो, आणि पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने. ‘काल तर बर्फ पडलाच नाही’ याला म्हणून फारसा अर्थ नाही.

इथपर्यंतचं सगळं शिकता येतं, पुस्तकांत आहे, गिर्यारोहण संस्थांच्या कोर्सांत आहे. खरी अडचण शिकण्यात नाही. बर्फ चूक दाखवत नाही, अडचण ही आहे. सह्याद्रीत पकड चुकली तर दगड लगेच सांगतो: गुडघा फुटतो, दोर ताणला जातो, पुढच्या वेळी माणूस शहाणा असतो. बर्फाचा उतार शंभर जणांना काही न बोलता जाऊ देतो आणि त्या शंभरातल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला उतार वाचता येतो. एखाद्या लीडरने वर्षानुवर्षं तो उतार चुकीच्या वेळी ओलांडला असेल आणि वर्षानुवर्षं त्याच्या गळ्यात हारच पडले असतील. ‘या वाटेवर मी इतक्या बॅचा नेल्यात’ हे वाक्य म्हणूनच मला धीर देत नाही.

अनुभवाने बर्फाशी सौदा होत नाही याचं सगळ्यात कडू उदाहरण ४ ऑक्टोबर २०२२ चं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची अॅडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का दांडा - २ या शिखरावर निघाली होती. माथ्याखालच्या उतारावर हिमस्खलन झालं. २७ मृतदेह सापडले, दोघे सापडलेच नाहीत. गेलेल्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही चढून आल्या होत्या. देशातल्या उत्तम संस्थांपैकी एक, शिकलेली माणसं, हाताशी साधनं. त्यांच्यावर बोट ठेवायला मी हे लिहीत नाही. तिथे हे घडू शकतं, तर वीकेंडला कळसूबाई नेणाऱ्या आणि वर्षातून दोनदा केदारकांठ्याच्या पायथ्याच्या सांक्रीला जाणाऱ्या आपल्या लीडरने ‘काही होत नाही’ कशाच्या जोरावर म्हणावं?

तर वेळापत्रक. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २६ जानेवारीच्या आसपास माथा गाठायचा असेल तर जाण्या-येण्याची तिकिटं नोव्हेंबरच्या अखेरीस काढलेली असतात. ऑफिसची रजा मंजूर, डेहराडून ते सांक्री गाडी ठरलेली, चढाईची पहाट कुठल्या तारखेची तेही ठरलेलं. हिमस्खलनाचा इशारा येतो तो साधारण पुढच्या २४ तासांपुरता. दोन महिने आधी पक्की झालेली तारीख आणि एक दिवस आधी कळणारी बर्फाची तब्येत यांची गाठ घालायची असेल तर मध्ये मोकळी जागा हवी, राखीव दिवस हवा. नाशिकहून निघणाऱ्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत तो नसतो. शनिवारी निघायचं, पुढच्या रविवारी परत, सोमवारी सातपूरच्या कंपनीत पंचिंग. जोराची हिमवृष्टी झाली तर पुढचे २४ ते ४८ तास नव्या बर्फाला बसू द्यावेत, हा पहिला धडा. एका रात्रीत फूटभर बर्फ पडला की हा धडा पाळायला तंबूत पडून राहण्याचा दिवस लागतो. तो दिवस ज्याच्याकडे नाही, तो एकतर समिट सोडतो किंवा धडा सोडतो. यातलं काय सुटतं, हे सांगायला नको.

इशारे मिळत नाहीत असंही नाही. मनालीला १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था निघाली; २०२० पासून ती चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेत सामील आहे. हिवाळ्यात तिची बुलेटिनं निघतात, राज्यांची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा ती पुढे पाठवते. माणाच्या आदल्या संध्याकाळीही चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांसाठी २,४०० मीटरच्या वर धोका असल्याची सूचना निघाली होती. पण जिल्ह्याचं बुलेटिन आपल्या उताराबद्दल बोलत नाही. ‘चमोली, अमुक उंचीच्या वर’ यावरून उद्या सकाळी त्या घळीखालून जायचं की नाही, हे जागेवरच्या माणसाला ठरवावं लागतं. आणि त्याआधी ते बुलेटिन त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याची बातमी जगजाहीर होती, किनाऱ्यावरच्या लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. दोन दिवसांनी त्याचा उरलासुरला पसारा नेपाळात अन्नपूर्णेच्या भागात पोचला आणि थोरोंग लाच्या वाटेवर व आसपास हिमवादळात, हिमस्खलनांत ४० हून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर म्हणजे ट्रेकिंगचा सगळ्यात भरवशाचा महिना.

खरं तर नाशिकच्या माणसाला हवामानाच्या तालावर वेळापत्रक नाचवायला कुणी शिकवायची गरज नसावी. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार रोज उठून हेच करतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून हिवाळी पाऊस-बर्फ आणणारी हवा, येतोय म्हटलं की तो डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणीची वेळ बदलतो. विक्षोभ पुढे सरकला आणि उत्तरेचे वारे सुटले की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सुरू करतो. ‘फवारणीचं मंगळवारचं ठरलंय, आता बदलायचं कसं’ असं म्हणणारा बागायतदार मला अजून भेटायचाय. मजा म्हणजे निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण कौतुकाने वाचतो, तेव्हा तोच विक्षोभ बहुतेक वेळा दोन-चार दिवसांपूर्वी हिमालयात बर्फ टाकून गेलेला असतो. बागेत उभा राहून जो माणूस ढगांचा हिशेब करतो, तोच पुढच्या आठवड्यात ट्रेकला जाताना फोनवरच्या बर्फाच्या चित्राकडे बघून ‘वा, स्नोफॉल मिळणार’ म्हणतो.

ट्रेकआधीची बैठक हा याचा उत्तम नमुना. गंगापूर रोडवर कुणाच्या तरी क्लासच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात. लीडर पडद्यावर फोटो दाखवतो. थर्मल कुठलं घ्यावं, हातमोजे दोन जोड्या का हवेत, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, पॉवर बँक थंडीत उतरते का, डिंकाचे लाडू चालतील का, यावर तासभर रंगतो. बुटांना लावायचे दातेरी मायक्रोस्पाइक आणि बुटात बर्फ जाऊ न देणारे गेटर सांक्रीत भाड्याने मिळतात हे दोनदा सांगितलं जातं. मायक्रोस्पाइक पाय घसरू देत नाहीत, उपयोगाची वस्तू आहे. अख्खा उतारच घसरला तर तिचा काय उपयोग, हा प्रश्न त्या हॉलमध्ये येत नाही. बुलेटिन कोण बघणार, कुठल्या वेळी कुठल्या उतारावर असायचं नाही, परत फिरायचं कुणी ठरवायचं, याला बैठकीत पाच मिनिटंही मिळत नाहीत. शेवटी एक कागद येतो, ‘माझ्या जबाबदारीवर जात आहे’. चहा घेता घेता सगळे सही करतात.

त्या कागदाबद्दल एक सांगतो. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर असल्या सहीमागे आयोजकाला फार काळ लपता येत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. पण मला ग्राहक आयोगाच्या पायऱ्यांचं कौतुक नाही. मेल्यावर मिळालेल्या भरपाईने काय साधतं? आणि सध्या उलटंच चाललंय. समिट झाली नाही म्हणून पैसे परत मागणारे, रेटिंग पाडायच्या धमक्या देणारे ट्रेकर मी पाहिलेत. हवामानामुळे खालच्या कॅम्पवरून बॅच परत आणणाऱ्या एका लीडरला गाडीत रात्रभर टोमणे ऐकावे लागले होते. पुढच्या वेळी त्याचा निर्णय या टोमण्यांनी थोडा तरी वाकणार, हे मान्य करायला काय हरकत आहे? दोष एकट्या आयोजकाचा नाही. ‘समिट शंभर टक्के’ विकलं जातं, कारण आपण ते विकत घेतो.

स्थानिक गाईडचं काय, तो तर तिथलाच? त्याचं ऐकावंच, आपल्या लीडरपेक्षा आधी ऐकावं. पण तोही दिवसाच्या मजुरीवर आहे. पुढच्या बॅचचं काम याच आयोजकाकडून येणार हे त्याला माहीत असतं. ‘साब, आज नहीं’ एकदा म्हणतो, दुसऱ्यांदा हळू म्हणतो, तिसऱ्यांदा दोर खांद्यावर टाकून पुढे चालायला लागतो. त्याची पूर्ण मजुरी समिट होवो न होवो मिळणार, आणि त्याच्या ‘नाही’वर नाशिकच्या माणसाला ‘हो’ म्हणता येणार नाही, या दोन गोष्टी आधी ठरलेल्या असतील तरच त्याचं ज्ञान आपल्या कामाला येतं.

साधनांविषयी लोक फार उत्साहाने बोलतात. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवं का? उताराखालून जाणाऱ्या किंवा उतार ओलांडणाऱ्या गटाकडे हवंच, आणि ते चालवण्याचा सराव हवा. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता खूप मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. हरिहरला कुणी अडकलं तर वाडीतली पोरं येतात, रेस्क्यूची टीम नाशिकहून दोन-तीन तासांत पोचते, आणि तेवढ्यात माणूस सहसा तग धरतो. बर्फात रेस्क्यू टीम म्हणजे शेजारी उभा असलेला सोबती, दुसरं कुणी नाही. पण बीकन हा उतार चुकल्यानंतरचा इलाज आहे. त्याआधी एका वेळी एकानेच उतार ओलांडणं, ऊन तापायच्या आत खाली येणं, फोनमधल्या फुकटच्या कोनमापकाने उतार मोजणं, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा पावलातून तडा पळाला की वाद न घालता मागे फिरणं, यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

बंदी घाला, असं काहीजण म्हणतात. कांग्रा जिल्हा प्रशासन हिवाळ्यात धौलाधारच्या वरच्या ट्रेकवर तशी बंदी घालतंही. अगदी धोक्याच्या दिवसांत ते बरोबरच आहे. पण सरसकट बंदीने काय होतं ते आपण दर पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याला बघतो. फलक लागतो, पोलीस दोन रविवार उभे राहतात, तिसऱ्या रविवारी गर्दी फलकासमोर सेल्फी काढते. त्यापेक्षा जिथे पैसे घेतले जातात तिथे विचारणा व्हावी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी उपक्रमांचं धोरण आणलं, नोंदणीची व्यवस्था केली, पण तिचा रोख राज्यातल्या उपक्रमांवर आहे. नाशिकमध्ये पैसे घेऊन उत्तरकाशीच्या बर्फावर माणसं नेणारा मधल्या फटीत राहतो. पर्यटन संचालनालयाने अशा आयोजकांनाही नोंदणीखाली घ्यावं, आणि त्यांच्याकडून जाडजूड सुरक्षा पुस्तिका न मागता एक पानभर मजकूर मागावा: राखीव दिवस किती, लीडरचं बर्फावरचं प्रशिक्षण काय, कुठल्या परिस्थितीत पुढे जायचं नाही आणि परत फिरलो तर पैशांचं काय. ते पान ग्राहकाला अॅडव्हान्स भरण्याआधी मिळावं.

पैशांचं उत्तर माझ्या मते सरळ आहे. समिट झाली नाही म्हणून परतावा मागू नये, आयोजकाचा खर्च झालेलाच असतो. पण राखीव दिवसाचं जेवण, तंबू आणि मजुरी किमतीत आधीच धरावी. त्याने ट्रेक माणशी दीड-दोन हजारांनी महागेल, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही आयोजकांची भीती मला कळते. एकट्याने किंमत वाढवणारा मार खाणार. म्हणून हे नाशिकच्या क्लबांनी मिळून ठरवावं. आपापल्या तारखा भांडून ठरवतात, व्हॉट्सअॅपवर एकमेकांच्या पोस्टरांवर तुटून पडतात, तर एकदा याच्यासाठीही बसावं. आणि जॅकेटवर पाच हजार घालवणाऱ्या गिऱ्हाईकाने दोन हजारांवर कुरकुरू नये.

तोवर गिऱ्हाईकाला करता येण्याजोगं एक आहे. हिवाळ्याच्या बॅचसाठी अॅडव्हान्स पाठवण्याआधी आयोजकाला फोन करावा आणि विचारावं, गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत किती बॅचा माथ्याखालून परत आणल्या आणि कशामुळे. जो तारखा, जागा आणि कारणं सांगेल त्याच्याकडे नाव नोंदवायला हरकत नाही. जो छाती पुढे काढून ‘एकही नाही’ म्हणेल, त्याला पैसे पाठवू नका.